वैद्यकाची सूची करणारा सर्जन

सन १८६०. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात वैद्यकाचा एक विद्यार्थी पदवीसाठी प्रबंध लिहीत होता. विषय होता अपस्मारावरची शस्त्रक्रिया. फिट येणाऱ्या रुग्णाच्या कवटीला भोक पाडून हा आजार बरा करण्याचा प्रयत्न त्या काळी काही सर्जन करत असत. निर्जंतुक हत्यारे नव्हती, प्रतिजैविके नव्हती, रुग्णाला भूल देण्याची पद्धत सुरू होऊन जेमतेम चौदा वर्षे झाली होती. विद्यार्थ्याला एवढेच हवे होते की आजवर जगात अशा शस्त्रक्रिया किती झाल्या, त्यांतले किती रुग्ण बरे झाले आणि किती दगावले.

आज हा प्रश्न संगणकाला विचारला की उत्तराची सामग्री काही क्षणांत समोर येते. त्या विद्यार्थ्याला त्यासाठी सहा महिने लागले. सिनसिनाटी, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतली ग्रंथालये त्याने धुंडाळली. हाती आल्या त्या तीन गोष्टी, आणि तिन्ही निराश करणाऱ्या. एक, हजारो खंड चाळून काढण्यात माणसाचा वेळ आणि कष्ट अमाप जातात. दोन, पुस्तकांच्या अनुक्रमणिका भरवशाच्या नसतात; लेखाचे शीर्षक एक सांगते आणि आत भलतेच असते, त्यामुळे प्रत्येक लेख उघडून पाहावा लागतो. आणि तीन, एवढी धावपळ करायची तयारी असली तरी उपयोग नाही, कारण या विषयावरचे बहुतांश लेखन जिथे मिळेल असे एकही ग्रंथालय अख्ख्या देशात नाही.

म्हणजे कुठल्या तरी गावातल्या एका सर्जनने आपला अनुभव प्रामाणिकपणे लिहून छापला होता, दुसऱ्या गावातल्या सर्जनला त्याची नितांत गरज होती, आणि या दोघांची गाठ पडण्याची सोय नव्हती. मधल्या मध्ये रुग्ण मरत होते. जॉन शॉ बिलिंग्ज हे त्या विद्यार्थ्याचे नाव. हा अनुभव त्यांनी पुढे कधीच विसरू दिला नाही, स्वतःला आणि देशालाही.

बिलिंग्ज यांचा जन्म १२ एप्रिल १८३८ रोजी इंडियाना राज्यातल्या एका खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची. पुस्तकांचे वेड मात्र लहानपणापासून. कॉलेजात जायचे ठरवल्यावर त्यांनी वडिलांशी सौदा केला तो असा: मला शिक्षणापुरता हात द्या, घरच्या इस्टेटीतला माझा वाटा बहिणीला देऊन टाका. लॅटिन आणि ग्रीक बरेचसे घरीच शिकून त्यांनी ओहायोतल्या मायामी विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि १८५७ मध्ये पदवी घेतली. नंतर सिनसिनाटीचे मेडिकल कॉलेज. तिथे खर्च भागवण्यासाठी ते शवविच्छेदनाच्या खोल्यांची देखभाल करत. अन्नावरचा खर्च वाचवण्यासाठी एक हिवाळा त्यांनी जवळजवळ दूध आणि अंडी यांवरच काढला. त्या दिवसांनी तब्येतीला जो फटका दिला तो कायमचा, असे ते उतारवयातही मानत.

पदवी मिळाली आणि वर्षभरात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. सैन्यातल्या डॉक्टरांसाठी झालेल्या परीक्षेत बिलिंग्ज पहिले आले. १८६२ मध्ये ते रुजू झाले, त्याच वर्षी लग्न झाले. पुढच्या वर्षी चॅन्सलर्सव्हिल आणि गेटिसबर्ग या दोन भीषण लढायांत ते शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभे होते. गेटिसबर्गला तर दिवस-रात्र एकच झाले. हात-पाय कापणे, गोळ्या काढणे, पुन्हा पुढचा जखमी. पत्नीला लिहिलेल्या पत्रांत एका थकलेल्या, आतून पार हललेल्या तरुणाचे चित्र दिसते. १८६४ च्या अखेरीस त्यांची बदली वॉशिंग्टनला, सैन्याच्या वैद्यकीय प्रमुखाच्या म्हणजे सर्जन जनरलच्या कार्यालयात झाली. काम कागदपत्रांचे होते. कार्यालयात पुस्तकांचा एक लहानसा संग्रह होता, तोही त्यांच्याकडे आला. १८६५ च्या यादीत त्या संग्रहात सव्वादोन हजारांच्या आसपास खंड होते.

इथे नशिबाने हात दिला. युद्ध संपले, लष्करी रुग्णालये बंद झाली आणि त्यांच्या खात्यांत शिल्लक राहिलेले सुमारे ८० हजार डॉलर बिलिंग्ज यांच्या स्वाधीन झाले. सरकारी कार्यालयात उरलेल्या पैशाचे काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बिलिंग्ज यांनी त्यातून पुस्तके घेतली.

जागा मिळाली तीही विलक्षण. १८६५ मध्ये ज्या फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, ते सरकारने ताब्यात घेतले होते. तिथेच लष्कराचे वैद्यकीय संग्रहालय आणि हे ग्रंथालय हलवण्यात आले. इमारत कमकुवत होती आणि आगीची भीती होती. बिलिंग्ज नव्या इमारतीसाठी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करत राहिले आणि १८८७ मध्ये ग्रंथालय नव्या जागेत गेले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८९३ मध्ये, फोर्ड नाट्यगृहाच्या इमारतीचा आतला भाग कोसळला आणि तिथे काम करणारे २२ कारकून ठार झाले.

पुस्तके जमवण्याची बिलिंग्ज यांची रीत भिक्षुकाची होती. पैसा तर लागतोच, पण पैशाने सगळे मिळत नाही. वैद्यकातले खरे ज्ञान जाडजूड ग्रंथांपेक्षा मासिकांत, अहवालांत, चार पानांच्या पुस्तिकांत विखुरलेले असते, आणि हाच माल लोक रद्दीत घालतात. म्हणून त्यांनी पत्रे लिहिली. डॉक्टरांना, संपादकांना, वैद्यकीय मंडळांना, परदेशातल्या अमेरिकी वकिलातींना. तुमच्या माळ्यावर पडलेले जुने अंक पाठवा, आमच्याकडे दोन प्रती असलेले पुस्तक आम्ही तुम्हाला देतो, अमुक मासिकाचा अमुक अंक कुठे दिसला तर कळवा. अशा पत्रांतून संग्रह वाढत गेला. १८९५ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा ग्रंथालयात १ लाख १६ हजारांहून अधिक ग्रंथ आणि १ लाख ९० हजारांहून अधिक पुस्तिका होत्या. वैद्यकाचे एवढे मोठे ग्रंथालय तेव्हा जगात क्वचितच दुसरे असेल. आणि नाव लष्कराचे असले तरी दार लष्कराबाहेरच्या डॉक्टरांनाही उघडे होते.

संग्रहाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ग्रंथालयाला जोडलेल्या संग्रहालयासाठी सैन्याच्या डॉक्टरांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या कवट्या रणांगणांतून आणि दफनभूमींतून गोळा केल्या होत्या. पुढे हे संग्रहालय बिलिंग्ज यांच्या देखरेखीखाली आले तेव्हा त्यांनीही त्या कवट्यांची मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली. त्या माणसांच्या नातेवाइकांना कुणी विचारले नव्हते. सगळे काही जमवून ठेवण्याचा ध्यास जिवंत माणसांच्या भावनांवरून कसा सहज चालत जातो, याचे हे उदाहरण आहे. त्यांच्या चरित्रात हा भाग वगळू नये असे मला वाटते.

पुस्तके जमली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. प्रबंधाच्या वेळची दुसरी अडचण, अनुक्रमणिकेची, तशीच होती. लाखो पानांतून अपस्मारावरचा लेख काढायचा कसा? बिलिंग्ज यांनी ठरवले की पुस्तकांची नव्हे, तर मासिकांतल्या एकेका लेखाची नोंद करायची आणि ती विषयवार लावायची. काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. दिवसभर कार्यालय सांभाळून संध्याकाळी ते जगभरातून आलेल्या मासिकांचे गठ्ठे घरी नेत. रात्री प्रत्येक अंक चाळायचा, नोंद घेण्याजोग्या लेखावर पेन्सिलीने खूण करायची, तो कोणत्या विषयाखाली जाईल ते ठरवायचे. दुसऱ्या दिवशी कारकून त्या खुणांवरून एकेक कार्ड लिहीत. लाखो कार्डे अशी तयार झाली. शीर्षकावर विश्वास न ठेवता लेख उघडून पाहायचा, हा सिनसिनाटीचा धडा इथे कामी आला.

१८७६ मध्ये त्यांनी या सूचीचा एक नमुना छापून देशभरच्या डॉक्टरांना पाठवला. हेतू उघड होता. संपूर्ण सूची छापायला संसदेकडून पैसे हवे होते आणि संसदेवर दबाव आणायला डॉक्टर हवे होते. डॉक्टरांनी तो आणला. १८८० मध्ये ‘इंडेक्स-कॅटलॉग’चा पहिला खंड आला, १८९५ मध्ये सोळावा. एका वर्णमालेत लेखकांची नावे आणि विषय. विषयाखाली ग्रंथ, आणि त्याखाली बारीक टाइपात अनेक भाषांतल्या मासिकांतले लेख. ही मालिका बिलिंग्ज यांच्यानंतरही चालली आणि ६१ खंडांवर जाऊन १९६१ मध्ये थांबली.

पण एवढ्या मोठ्या सूचीला एक मूळचा दोष होता. ‘ए’ अक्षराचा खंड छापून झाला की त्या विषयावरचे नवे लेख थेट पुढच्या मालिकेत, म्हणजे वीसेक वर्षांनी. रुग्णाला वीस वर्षे थांबायला सांगता येत नाही. म्हणून जानेवारी १८७९ पासून ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक सुरू झाले. जगात महिनाभरात वैद्यकावर काय छापून आले त्याची विषयवार यादी. मूळचे ब्रिस्टलचे असलेले रॉबर्ट फ्लेचर हे या कामातले त्यांचे जोडीदार. नोंदींतला नेमकेपणा बराचसा त्यांचाच. सूचीच्या कामात नाव एकाचे होते आणि कष्ट अनेकांचे असतात, म्हणून मुद्दाम सांगितले. मासिकाला वर्गणीदार पुरेसे कधीच मिळाले नाहीत. ज्या डॉक्टरांसाठी ते काढले त्यांतल्या बहुतेकांना ते विकत घ्यावेसे वाटले नाही. तोटा सोसत ते १८९९ पर्यंत चालले, बंद पडले आणि १९०३ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या पैशावर पुन्हा उभे राहिले.

छापलेले सगळेच मौल्यवान असते अशी बिलिंग्ज यांची समजूत मुळीच नव्हती. १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत वैद्यकीय साहित्यावर बोलताना त्यांनी निरुपयोगी लेखनाची चांगलीच हजेरी घेतली. तरीही नोंद मात्र सगळ्याची. कोणता लेख पन्नास वर्षांनी कुणाच्या उपयोगी पडेल हे ग्रंथपालाने आजच ठरवू नये, अशी ही भूमिका होती.

एवढ्याने या माणसाचा दिवस भरत नसे. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उभारायचे ठरले तेव्हा विश्वस्तांनी पाच तज्ज्ञांकडून आराखडे मागवले. निवडला गेला तो बिलिंग्ज यांचा. हवा खेळती राहील अशा सुट्या इमारती आणि रुग्णालयातच विद्यार्थ्यांचे शिक्षण, हे त्यातले मुख्य. १८८९ मध्ये ते सुरू झाले. तिथल्या वैद्यक विभागासाठी विल्यम ऑस्लर यांना त्यांनीच गळ घातली. ते ऑस्लर यांच्या खोलीत आले, बसलेसुद्धा नाहीत, विभाग सांभाळणार का एवढे विचारले, होकार घेतला आणि कामाची घाई आहे म्हणून निघून गेले. दोन मिनिटांत आधुनिक वैद्यक शिक्षणाची एक महत्त्वाची नेमणूक झाली.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच आहे. १८८० च्या अमेरिकी जनगणनेत जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचे काम बिलिंग्ज पाहत होते. मृत्यूच्या नोंदी वय, लिंग, आजार, ठिकाण अशा प्रत्येक अंगाने वेगळ्या मोजायच्या, म्हणजे शेकडो कारकुनांनी त्याच कागदांवरून पुन:पुन्हा हात फिरवायचा. जनगणनेच्या कामावर हर्मन हॉलरिथ नावाचा विशीतला अभियंता होता. त्याच्याशी एकदा जेवणाच्या टेबलावर गप्पा मारताना बिलिंग्ज म्हणाले की हे काम यंत्राने व्हायला हवे. एका माणसामागे एक कार्ड आणि त्याची माहिती कार्डाच्या कडेला केलेल्या खाचांत, असे काही. हॉलरिथने ते मनावर घेतले. यंत्र बनवायला त्याने बिलिंग्ज यांनाही भागीदार व्हायला बोलावले, पण त्यांना प्रश्न सुटण्यात रस होता, पुढच्या व्यवहारात नव्हता. छिद्रांची कार्डे वाचणारे ते यंत्र १८९० च्या जनगणनेत सहा कोटींहून अधिक लोकांच्या नोंदी मोजायला वापरले गेले. हॉलरिथची कंपनी पुढे इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ पासून तिचे नाव आयबीएम झाले.

लष्करातून निवृत्त झाल्यावर १८९६ मध्ये ते न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे पहिले संचालक झाले. पाचव्या ॲव्हेन्यूवरच्या प्रसिद्ध इमारतीची मूळ कल्पना त्यांनी एका लहानशा कागदावर रेखाटली होती: खाली पुस्तकांचे सात मजले आणि त्यांच्या डोक्यावर, उजेडात, वाचनाचे दालन. शहरातल्या शाखा-ग्रंथालयांसाठी अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडून ५२ लाख डॉलर मिळाले, त्यातही त्यांची खटपट होती. १९११ च्या मे महिन्यात इमारत उघडली. शरीर मात्र थकले होते. आयुष्यात अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. अशाच एका शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनिया होऊन ११ मार्च १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत, पत्नीशेजारी त्यांना पुरले. अमेरिकेने वैद्यकाला काय दिले याची मोजदाद करताना विल्यम वेल्च यांच्यासारख्या रोगनिदानशास्त्रज्ञाने हे ग्रंथालय आणि त्याची सूची यांना सर्वांत वरचे स्थान दिले होते.

त्यानंतरची गोष्ट माणसाची नाही, त्याच्या सूचीची आहे. ग्रंथालय वाढत गेले आणि १९५६ मध्ये ते लष्कराकडून काढून ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ झाले. १९६० मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ छापण्यासाठी पंच कार्डे आली. म्हणजे जेवणाच्या टेबलावरची ती कल्पना, ऐंशी वर्षांचा फेरा मारून, बिलिंग्ज यांच्याच मासिकाच्या कामाला लागली. त्याच वर्षी विषयांच्या नावांची एक पक्की यादीही प्रसिद्ध झाली. तिचा फायदा असा की एखाद्या लेखकाने ‘हार्ट ॲटॅक’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’, तरी दोघांचे लेख एकाच नावाखाली सापडतात. लेख वाचून हे विषय लावण्याचे काम दशकानुदशके माणसे करत होती. २०२२ पासून ते संगणकाच्या आज्ञावलीकडे गेले आणि माणसे आता मुख्यतः तपासणी करतात.

१९६४ मध्ये सूची संगणकावर गेली. डॉक्टरने टपालाने प्रश्न पाठवायचा आणि यादीची वाट पाहायची, असा तो जमाना. १९७१ मध्ये दूरध्वनीच्या तारांवरून थेट शोध घेणारी ‘मेडलाइन’ आली. तीही फुकट नव्हती. खाते लागे, पैसे पडत, आणि शोध बहुधा प्रशिक्षित ग्रंथपालच करत. २६ जून १९९७ रोजी ‘पबमेड’ या नावाने हा शोध इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत झाला. ‘सर्वांसाठी’ यात रुग्णही आले, हे अनेक डॉक्टरांना सुरुवातीला पटायला जड गेले असावे. आज तिथे साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ची गरज उरली नाही आणि २००४ च्या अखेरीस ते बंद झाले. त्याच वर्षी जुन्या इंडेक्स-कॅटलॉगचे खंडही संगणकावर शोधण्याजोगे झाले.

लेख सापडणे आणि लेख वाचायला मिळणे यांत मात्र अजून अंतर आहे. पबमेडवर लेखाचे नाव आणि बहुधा सारांश दिसतो. पूर्ण लेख अनेकदा प्रकाशकाच्या कुलपात असतो आणि एका लेखाची किंमत आपल्याकडच्या डॉक्टरला परवडू नये एवढी असते. बिलिंग्ज यांची तिसरी तक्रार, म्हणजे लेखन जिथे मिळेल असे ग्रंथालय नसणे, ती या नव्या रूपात शिल्लक आहे. तिच्यावर उपाय म्हणून २००० मध्ये याच ग्रंथालयाने ‘पबमेड सेंट्रल’ सुरू केले. इथे पूर्ण लेख मोफत वाचता येतात. लेख संगणकात कोणत्या रचनेत साठवायचा याचा आराखडाही ग्रंथालयाने कुणालाही विनामूल्य वापरू दिला, त्यामुळे इतर देशांतले संग्रह त्याच धर्तीवर उभे राहिले. २००८ पासून अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेच्या पैशावर झालेल्या संशोधनाचे लेख तिथे ठेवणे बंधनकारक आहे.

आपल्याशी जवळचे म्हणजे, १८६६ मध्ये कलकत्त्याहून निघू लागलेल्या ‘इंडियन मेडिकल गॅझेट’चे जुने अंक तिथे पानोपान पाहता येतात. मुंबईतल्या प्लेगवर लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांचा १८९७ चा लेख आणि सिकंदराबादेत डासांत हिवतापाचा जंतू पाहणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचा त्याच वर्षीचा लेखही आहे. दोन्ही ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले होते. ज्यांच्या घराण्यात प्लेगच्या साथीच्या आठवणी सांगितल्या जातात त्यांनी हाफकिन यांचा लेख जरूर पाहावा.

आणि घरात कुणाच्या आजाराबद्दल माहिती शोधायची असेल, तर पबमेडवर इंग्रजीत आजाराचे नाव टाकल्यावर डाव्या बाजूला फक्त मोफत पूर्ण लेख दाखवण्याचा पर्याय दिसतो, तो निवडावा. त्याखालीच लेखाचा प्रकार निवडता येतो. एखाद-दुसऱ्या रुग्णाच्या हकिकतीपेक्षा अनेक अभ्यास एकत्र तपासणारे आढावा-लेख आधी वाचावेत. सापडलेले लेख नीट लावून ठेवायला ‘झोटेरो’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चांगले आहे, त्याला पैसे पडत नाहीत. हवा तो लेख कुलपात असेल तर लेखकाचा ई-मेल पत्ता बहुधा नोंदीत दिलेला असतो. त्याला दोन ओळी लिहून प्रत मागावी. बरेच संशोधक ती पाठवतात. जे मिळेल ते आपल्या डॉक्टरांसमोर ठेवून मगच पुढचे ठरवावे.